लियाकतभाईंचे निअर मिस

फोनवर अनोळखी माणसाला बोलतं करणं ही कला आहे, आणि ती संबंध अमिरातीत माझ्याइतकी कुणाला साधलेली नाही! तुम्हाला बढाई वाटेल. वाटू द्या. आमच्या ऑफिसातला अर्सलान एमबीए आहे, इंग्रजी असं झाडतो की ऐकणाऱ्याला पट्टा बांधून विमानात बसल्यासारखं वाटावं. पण लोक त्याचा फोन पहिल्या वाक्यालाच ‘नॉट इंटरेस्टेड’ म्हणून आपटतात. माझा फोन आला की लोक खुर्ची ओढून घेतात! शारजाच्या एका टायरवाल्याला मी फक्त दुकानाचा पत्ता विचारला होता, तर त्याने आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन टाक्यांसकट सांगितलं.

मी सूर्यकांत टिपणीस. दुबईतल्या एका सर्व्हे कंपनीत नोकरीला आहे. लोकांना फोन करायचे, प्रश्न विचारायचे, उत्तरं कॉम्प्युटरवर भरायची. लोकांना हे काम कंटाळवाणं वाटतं. मला वाटत नाही, आणि त्याचं कारण कलेत नाही, घरात आहे. जूनमध्ये आमच्या शुभ्राला पुण्यात कॉलेजला अ‍ॅडमिशन मिळाली. “पहिलं वर्ष तरी मी तिच्याजवळ राहते,” असं माझी बायको मृणालिनी म्हणाली, आणि मी मोठ्या मनाने हो म्हटलं. मोठं मन करताना घर केवढं मोठं होईल याचा हिशेब केला नव्हता. आता संध्याकाळी दार उघडलं की पहिला आवाज फ्रिजचा. फ्रिजशी मी बोलत नाही हो, अजून तेवढी वेळ आलेली नाही! लिफ्टशी मात्र बोलतो. ती ‘डोअर्स क्लोजिंग’ म्हणते, मी ‘बरं बाई’ म्हणतो.

तर ऑक्टोबरात आमच्या बॉस विनिता मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. मॅडम मंगळूरच्या, वाढल्या मुंबईत, त्यामुळे तीन भाषांत रागावू शकतात. एका मोठ्या क्लायंटला जाणून घ्यायचं होतं की छोटे कारखाने, बेकऱ्या, लाँड्र्या आपल्या कामगारांच्या सुरक्षेचं काय करतात. हेल्मेट देतात का, आग लागली तर बाहेर कुठून पडायचं ते सांगतात का, वगैरे.

“सूर्यकांत, ये काम तुम्ही करोगे,” मॅडम म्हणाल्या. “और तुम्हारी लीव्ह की अ‍ॅप्लिकेशन भी देखी मैंने.”

“मॅडम, मुलीचा अठरावा वाढदिवस आहे. नोव्हेंबरात.”

“सिंपल है. क्लायंट रिपोर्ट पास करेगा, तो लीव्ह पास. रिपोर्ट फेल, तो लीव्ह खलास!”

त्या संध्याकाळी मी पुण्याला फोन लावला. “शुभ्रा, मी वाढदिवसाला येतोय! शंभर टक्के!”

“यू सेड दॅट फॉर गणपती टू, बाबा,” ती म्हणाली. रागाने नव्हे हो. हवामानखात्याबद्दल बोलावं तशी.

म्हणजे काय ते तुमच्या लक्षात आलं असेल. आता हा रिपोर्ट पास व्हायलाच हवा होता!

काम झोकात सुरू झालं. हेल्मेट? आहे. आग विझवायचं सिलिंडर? आहे. पण एक प्रश्न काही केल्या हलेना. ‘गेल्या वर्षात तुमच्याकडे किती निअर मिस झाले?’ सुरक्षावाल्यांच्या भाषेत निअर मिस म्हणजे होता होता टळलेला अपघात. वरून हातोडा पडला, पण डोक्यावर न पडता शेजारी पडला, तर तो निअर मिस. आता असे हातोडे जगात रोज पडतात. पण मी विचारलं की एकजात सगळ्यांचं उत्तर ‘शून्य’!

मॅडमनी आकडे पाहिले आणि चष्मा काढला. “सब झीरो? ये दुबई है या स्वर्ग? लोग डरते हैं, सूर्यकांत. प्यार से पूछो. तुम्हारी वो कला किधर गयी?”

कलेचं नाव निघालं आणि माझं रक्त सळसळलं! निअर मिस हा शब्दच लोकांना कळत नाहीये, हे मी ताडलं. मग मी त्याचं माझ्या खास हिंदीत सुलभीकरण केलं. ‘निअर’ काढून टाकला, नुसता ‘मिस’ ठेवला, आणि आवाजात आमच्या आजीचं तूप ओतलं.

पहिला फोन दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका सुतारकामाच्या वर्कशॉपला. तिथे कपाटं बनतात. फोरमन लियाकतभाई, मूळचे पंजाबकडचे, पाकिस्तानातल्या.

“लियाकतभाई,” मी म्हटलं, “सच्ची बताओ. मैं किसी को नाम नहीं बोलूँगा. तुम्हारे इधर मिस तो होता होगा ना?”

फोनवर मागे करवत चालू होती, ती कुणीतरी बंद केली.

“होता है, साहब,” लियाकतभाई हळूच म्हणाले. “रोज होता है.”

रोज! मी खुर्चीत ताठ झालो. “कितने लोगों को?”

“सबको. कोई बोलता नहीं.”

“जास्ती कब होता है?”

“खाने के टाइम. और छुट्टी के दिन तो पूछो ही मत.”

म्हणजे सुट्टीच्या दिवशीही काम चालू! मी लाल अक्षरांत नोंद केली. “और लियाकतभाई, कैसा होता है? मतलब, होते होते रह जाता है, ऐसा?”

“हाँ जी, बिल्कुल वैसा ही! आते आते रह जाता है. यहाँ गले तक आता है, फिर रुक जाता है.”

गळ्यापर्यंत! माझ्या डोळ्यांसमोर ती मघाची करवत उभी राहिली. मी टाइप करता करता स्वतःचा गळा चाचपला. “किस वजह से होता है?”

“कुछ भी, साहब. कल लड़कों ने चाय में अदरक डाला, उसकी खुशबू से ही हो गया.”

आलं! आल्याच्या वासाने अपघात! ‘वायुगळतीची शक्यता,’ मी लिहिलं. “होने के बाद तुम क्या करते?”

“क्या करना है, जी? काम में लग जाते हैं.”

“ऊपर रिपोर्ट नहीं करते?”

“किसको करें? आज तक किसी ने पूछा ही नहीं.” आणि मग ते जरा थांबून म्हणाले, “आपका शुक्रिया, साहब. फिर फोन करना.”

धरण फुटावं तसे लोक बोलायला लागले! अल ऐनच्या एका लाँड्रीवाल्याला इस्त्री करताना होतं. गरम इस्त्री हातात असताना! एका ड्रायव्हरला सिग्नलला गाडी थांबली की होतं. एका हॉटेलातल्या आचाऱ्याला कांदा चिरताना होतं, पण ‘कांदे का बहाना मिल जाता है’ असं तो म्हणाला, त्यावरून तिथे खापर दुसऱ्यावर फोडायची पद्धत आहे असं मी नोंदवलं. लियाकतभाईंना तर मी दोनतीनदा फोन केला, पुरवणी माहितीसाठी. म्हणजे, माहिती पहिल्याच फोनमध्ये मिळाली होती. पण ते ‘खाना खा लिया?’ असं विचारायचे. जूनपासून मला हा प्रश्न इथे कुणी विचारला नव्हता, हे सांगायला कसली लाज?

रिपोर्ट गेला. आलेख असा वर चढला होता की पानाला पुरेना! दुसऱ्याच दिवशी क्लायंटकडून त्यांचे सेफ्टी मॅनेजर स्वतः येऊन थडकले. अँड्र्यू त्यांचं नाव, मूळचे वसईचे. माझं नाव ऐकताच त्यांनी मराठीत सुरुवात केली.

“टिपणीस, इतकी वर्षं मी या लाइनीत आहे. रोज निअर मिस, तेही गळ्यापर्यंत? अरे, हे वर्कशॉप आहे की खाटीकखाना? चला, मला आत्ताच्या आत्ता दाखवा!”

“लेकिन रिपोर्ट अच्छा है ना?” मॅडमनी विचारलं.

“रिपोर्ट हादरवून टाकणारा आहे, मॅडम!” अँड्र्यू म्हणाले. मॅडमनी माझ्याकडे पाहून चक्क स्मित केलं. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली. शुभ्रासाठी काय न्यायचं तेही ठरवून टाकलं.

वर्कशॉपात आम्ही शिरलो ते युद्धाला निघाल्यासारखे. मी, मॅडम आणि अँड्र्यू, तिघांच्या डोक्यावर हेल्मेट, अंगात चमकणारी पिवळी जाकिटं, पायात लोखंडी टोकाचे बूट. माझे दोन नंबर मोठे होते, त्यामुळे मी थांबलो तरी बूट जरा पुढे जात. अँड्र्यूंच्या खांद्याला प्रथमोपचाराची पेटी आणि हातात धोक्याची पिवळी पट्टी.

लियाकतभाई दारातच उभे होते. पांढरी दाढी, इस्त्रीचा कुर्ता, मला बघून दोन्ही हातांनी माझा हात धरला. “आवाज़ से ही पहचान लिया, जी! आइए, चाय बनवाई है.”

अँड्र्यूंनी चहाकडे पाहिलंही नाही. त्यांनी करवत तपासली. पात्यावर झाकण होतं. जमीन पाहिली, भुसा झाडलेला होता. वायरी, सिलिंडर, बाहेर पडायची वाट, सगळं जिथल्या तिथे! जसजसं सगळं ठीक निघत गेलं, तसतसा त्यांचा संशय वाढत गेला.

“टिपणीस,” ते माझ्या कानात म्हणाले, “एवढं स्वच्छ? हे काहीतरी लपवतायत!” मग ते कमरेवर हात ठेवून गरजले, “लियाकतभाई! सबसे ज्यादा किधर होता है?”

“उस खिड़की के पास, जी.”

खिडकीखाली एक बाकडं होतं, आणि त्यावर किटली. बस्स. अँड्र्यूंनी झटक्यात त्या बाकड्याभोवती पिवळी पट्टी ताणली. किटलीची वायर तपासली, प्लगला टेस्टर लावला, खाली वाकून बाकड्याचे पायही हलवून पाहिले. आतली माणसं हातातलं काम टाकून गोळा झाली.

“लास्ट टाइम कब हुआ?”

“अभी हुआ, जी,” लियाकतभाई म्हणाले.

“अभी?” मॅडम प्लायवुडमागे गेल्या! मी मागे उडी मारली, बूट तिथेच राहिले. अँड्र्यूंनी पेटी उघडून बँडेजचा गुंडाळाच बाहेर काढला. “किसको? किधर लगा?”

“लगा नहीं, जी. मुझे ही हुआ. आपको देखके.”

“मला बघून?” अँड्र्यू मराठीतच ओरडले.

“हाँ जी. मेरे बड़े भाई ऐसे ही कमर पे हाथ रखके सबको डाँटते हैं. आपको देखा, तो एकदम मिस हो गया.”

बँडेजचा गुंडाळा अँड्र्यूंच्या हातून सुटला आणि उलगडत उलगडत माझ्या मोज्यांपर्यंत आला.

“भाई को... मिस?” अँड्र्यूंनी विचारलं.

“और क्या, जी? ये साहब फोन पे वही तो पूछते थे. मिस होता है क्या, कब होता है, गले तक आता है क्या. इतने सालों में पहली बार किसी ने पूछा. तो हमने सब सच सच बता दिया.” मग माझा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला. “क्यों? कुछ ग़लत बोल दिया क्या?”

माझी काय अवस्था झाली ते विचारू नका! आलं, कांदा, इस्त्री, सिग्नल, एकेक उत्तर डोक्यात सरळ होऊन उभं राहायला लागलं. ती माणसं मला आपल्या पोटातलं सांगत होती, आणि मी तिथे वायुगळती लिहीत होतो. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त, रडू आलं. हेल्मेट डोळ्यांवर ओढून घ्यायची सोय होती म्हणून निभावलं.

अँड्र्यू चिडतील असं वाटलं होतं. पण त्यांनी पिवळी पट्टी उचलली, वाकून आत शिरले आणि त्या बाकड्यावर बसले. हेल्मेट मांडीवर घेतलं. लियाकतभाईंनी पट्टीवरूनच चहाचा ग्लास आत दिला.

“माझी बायको डेझी वसईला असते,” एक घोट घेऊन ते म्हणाले. “परवा विचारत होती, जेवताना तू कोणाशी बोलतोस? मी म्हटलं, टीव्हीशी. तिला वाटलं मी गंमत करतोय.”

मग बाकीची माणसंही सरकून बसली. कुणी म्हशीचं सांगितलं, कुणी बायकोचं, एकाने दोघींचं एकाच वाक्यात सांगितलं. मॅडमसुद्धा प्लायवुडमागून बाहेर येऊन चहा प्यायल्या, आणि मंगळूरच्या आपल्या आईबद्दल तिन्ही भाषांत बोलल्या, न रागावता. असा सुंदर अर्धा तास मी दुबईत कधी घालवला नव्हता.

शेवटी अँड्र्यू उठले, पट्टी गुंडाळली, हेल्मेट चढवलं आणि पुन्हा सेफ्टी मॅनेजर झाले.

“रिपोर्ट रद्द, टिपणीस. एकूण एक फोन परत करायचा. आणि या वेळी शब्द पूर्ण उच्चारायचा.”

गाडीत मीच विचारलं, “मॅडम, माझी लीव्ह?”

“इन्शाल्ला,” मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. शब्दाचा अर्थ देवाची मर्जी, पण आमच्या मॅडमच्या तोंडी तो ‘नाही’ असा होतो, हे ऑफिसातल्या टेबलखुर्च्यांनाही माहीत आहे.

शुभ्राला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या. “फोन तो कहीं से भी लगता है ना? कंपनी का लॅपटॉप लो, हेडफोन लो, और पुणे से लगाओ. लीव्ह नहीं है ये, समझे? वर्क फ्रॉम होम. यल्ला, जाओ!”

मी त्यांच्या पाया पडायच्या बेतात होतो, पण अर्सलान बघत होता.

तर अशा रीतीने मी वाढदिवसाला पुण्यात होतो! आमच्या सिंहगड रोडच्या फ्लॅटमध्ये, आतल्या खोलीत, डोक्याला हेडफोन लावून. बाहेरच्या खोलीत शुभ्राच्या मैत्रिणी जमल्या होत्या, फुगे फुगत होते, फुटत होते. दिवसाचा शेवटचा फोन उरला होता. खलिफा सिटीतल्या एका बेकरीत काम करणारा याकूब. हा एक उरकला की मी मोकळा!

“याकूबभाई, होता होता टला, ऐसा अ‍ॅक्सिडेंट? निअर मिस?” मी शब्द पूर्ण उच्चारला.

“नहीं जी. ऐसा कुछ नहीं.”

मी शून्य लिहिलं. “शुक्रिया, याकूबभाई.”

“साहब,” तो म्हणाला, “पिछली बार वाला सवाल नहीं पूछा?”

“कौनसा?”

“वो, मिस वाला.”

“वो निकाल दिया, भाई. गलती से था.”

“अच्छा,” तो म्हणाला. पण फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. मागे पावाचे ट्रे एकावर एक ठेवल्याचा आवाज येत होता.

मृणालिनीने दारातून डोकं आत घातलं. “अरे, येतोस ना? मुली थांबल्यात.” मी दोन बोटं दाखवली, दोन मिनिटं.

“होता है क्या?” मी याकूबला विचारलं.

आणि तो बोलायला लागला. त्याची मुलगी, तो अमिरातीत आला तेव्हा रांगत होती. आता फोनवर छान बोलते. फार छान, साहब. आज त्याला म्हणाली, आप अपना खयाल रखिए, आप कैसे हैं, शुक्रिया. “जैसे किसी मेहमान से बात करते हैं ना, साहब, वैसे. झगड़ती ही नहीं मुझसे.”

बाहेर दिवे मालवले गेले. दाराखालची उजेडाची रेघ गेली. मी उठलो, दारापर्यंत गेलो, पण हेडफोनची वायर कडीपर्यंत पुरेना! एक हात कडीकडे, एक हात कानावर, असा मी मध्येच ताणला गेलो. कानात याकूब रडत होता. बाहेर गाणं सुरू झालं, संपलं, टाळ्या वाजल्या.

“सुन रहे हो ना, साहब?”

“हाँ, याकूबभाई. सुन रहा हूँ.”

दार उघडलं. शुभ्रा होती. नवा ड्रेस, गालाला क्रीम लागलेलं. मी हाताने काहीतरी खुणा केल्या, त्यांचा अर्थ मलाही सांगता येणार नाही.

“इट्स ओके, बाबा,” ती म्हणाली. “प्लीज फिनिश युवर कॉल. वी आर जस्ट गोइंग फॉर पिझ्झा. थँक यू फॉर कमिंग.”

इतक्या सभ्यपणे म्हणाली! मी बाहेर येईपर्यंत खोलीत फक्त फुगे होते. मृणालिनीने केकची बशी माझ्यासमोर ठेवली आणि शेजारी बसली.

“कोण होता एवढा वेळ?”

“खलिफा सिटीतला बेकरीवाला.”

“काय म्हणत होता?”

“त्याला मुलीची आठवण येते.”

तिने मग एक फुगा उचलला आणि त्याची गाठ सोडायला लागली.

आता तुम्ही म्हणाल, अहो टिपणीस, ठेवायचा ना फोन! मलाही तेच वाटतं. पण तो माणूस बोलत होता हो. मध्येच कसा ठेवणार?